तांदळाच्या डब्यातील पैसे

आमच्या वस्तीतील विहारात दरवर्षी वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आषाढ पौर्णिमेला सुरुवात होते, आश्विन पौर्णिमेला समाप्ती. रोज संध्याकाळी वंदना झाली की कोणीतरी एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. मागच्या वर्षावासात एके दिवशी वाचनाची पाळी माझ्याकडे आली. प्रसंग होता रोहिणी नदीच्या पाण्याचा.

वाचकांना हा प्रसंग ठाऊकच आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून वाद पेटला. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने त्याला विरोध केला. युद्धाने प्रश्न सुटत नाही, दोन्ही बाजूंची माणसे निवडून त्यांच्याकडून वादाचा निकाल करून घ्या, असे त्याने सुचविले. संघाने ते मानले नाही. बहुमताने युद्ध ठरले. विरोध सोडला नाही तर कुटुंबावर बहिष्कार घालू, शेतजमीन जप्त करू, असे त्याला बजावण्यात आले. घरच्यांना झळ लागू नये म्हणून सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली. बाबासाहेबांनी सांगितलेल्या या कथेत तो मध्यरात्री गुपचूप निघून जात नाही. तो यशोधरेकडे जातो. तिच्यासमोर त्याला शब्द फुटत नाही आणि मग तीच धीराने बोलते, त्याच्या निर्णयाला संमती देते.

वाचन संपले. खिरीचे वाटप चालू असताना आमच्या गल्लीत गेल्याच वर्षी लग्न होऊन आलेली एक सून माझ्याजवळ येऊन बसली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "काकू, एक इचारू? नवऱ्याले न सांगता पैसे बाजूले ठेवले, तर चौथं शील मोडते काय?"

शेजारच्या दोघीतिघी हसल्या. मला मात्र हसू आले नाही. कारण हा प्रश्न मी स्वतःला पंचवीस वर्षे विचारत होते. त्या पोरीला मी त्या वेळी "उद्या सांगतो" एवढेच म्हटले. ते उत्तर देण्यापूर्वी मला माझाच हिशेब मांडावा लागला. तो आज वाचकांपुढेही मांडते.

माझे लग्न १९८४ साली झाले. आमचे हे वीज मंडळात लाईनमन होते. खांबावर चढणारा माणूस. पावसापाण्यात, रात्री-बेरात्री तार तुटली की निघाले. स्वभावाने सरळ, व्यसन नाही, मारहाण नाही, शिवी नाही. पगार झाला की पाकीट आणून माझ्या हातात देत. माझ्या मैत्रिणी म्हणत, तुझ्यासारखे नशीब सर्वांचे नसते. मीही तसेच समजत होते.

१९९१ च्या सुरुवातीला पगार कमी येऊ लागला. तीनशे रुपये कमी. विचारले तर म्हणत, "कपात झाली." कशाची कपात, ते सांगत नसत. एके दिवशी शर्ट धुवायला घेतला तेव्हा खिशात पगारपत्रक सापडले. यांच्या एका मित्राने पतसंस्थेतून पंधरा हजारांचे कर्ज घेतले होते आणि हे त्याला जामीन राहिले होते. मित्राने हप्ते थांबविले. आता त्याचे कर्ज आमच्या पगारातून वसूल होत होते.

जामीन राहिले याचा राग मला फारसा आला नाही. मित्राला मदत करणे हा काही गुन्हा नाही. पण ज्या कागदावर माझ्या लेकरांच्या दुधाचे पैसे लिहून दिले, त्या कागदाबद्दल मला एका शब्दाने सांगितले नाही, हे मनाला लागले. विचारले तेव्हा म्हणाले, "तुले कायले त्रास द्यावा म्हनलं."

ते वर्षच वाईट होते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळला आणि पुढे आखाती युद्ध पेटले. युद्ध कुठे आणि आम्ही कुठे! पण तेल महाग झाले, आणि रॉकेलच्या रांगेत मी डबकी घेऊन दोन-दोन तास उभी राहू लागले. आखातात कामाला गेलेली आपली माणसे परत आली, त्यांच्याकडून देशाला मिळणारा परकीय पैसा आटला. सरकारी तिजोरीत जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले. शेवटी १९९१ च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवले. वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा लोक हळहळले. घरातले सोने गहाण पडले म्हणजे अब्रू गेली, असे आपण मानतोच.

त्याच महिन्यात थोरल्याला टायफॉईड झाला. हप्ता कापून आलेल्या पगारात औषधे बसेनात. माझ्या आईने लग्नात दिलेली सोन्याची पोत मी सराफाकडे गहाण ठेवली. देशाने सोने ठेवले, मीही ठेवले. देशाने आपले सोने पुढे सोडवून घेतले. माझी पोत मात्र सुटली नाही. व्याज चढत गेले आणि ती बुडाली.

त्या दिवसापासून मी तांदळाच्या डब्यात पैसे ठेवायला लागले. डब्याच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली पुरचुंडी, वर वीस किलो तांदूळ. भाजीतून दोन रुपये वाचव, शिवणकामाचे दहा ठेव, दिवाळीच्या बोनसमधून पन्नास काढ. मोठी रक्कम झाली की दुकानदाराकडून मोठी नोट करून घ्यायची. यांना सांगायचे नाही. खोटे बोलायची वेळ आली नाही, कारण यांनी कधी विचारलेच नाही. पण न विचारलेल्या प्रश्नाआड लपणे म्हणजे तरी काय, हे मनात टोचत असे.

तेव्हा मला माझ्या आईची आई आठवे. आजी-आजोबा पेंच खोऱ्यात कोळशाच्या खाणीवर कामाला होते. आजोबा कोळसा फोडत, आजी तो टोपलीत भरून टबात टाकत असे. खाणीच्या पोटात स्त्रियांनी काम करण्यावर १९३७ साली बंदी आली होती. पण दुसरे महायुद्ध सुरू झाले. रेल्वे, कारखाने, दारूगोळा, सगळ्यांना कोळसा हवा होता आणि खाणीत मजूर मिळेनात. म्हणून १९४३ साली सरकारने ती बंदी तात्पुरती उठविली आणि आजी अठराव्या वर्षी जमिनीखाली उतरली.

त्या काळी मजूर खाते कोणाकडे होते, ते वाचकांना सांगायला नको. १९४२ च्या जुलैपासून बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. बंदी उठविण्यावर मध्यवर्ती विधिमंडळात १९४४ च्या फेब्रुवारीत टीका झाली, तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्यावरच आली. कोळशाच्या टंचाईमुळे नाइलाजाने केलेला हा तात्पुरता उपाय आहे, असे त्यांनी सांगितले. आणि त्याच वेळी स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळण्याचे तत्त्व येथे मान्य झाले आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या कायद्यातही त्यांनी १९४३ मध्ये दुरुस्ती आणली होती. युद्ध संपले आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली.

ही माहिती मला पुष्कळ उशिरा, वाचून कळली. आजी मात्र एवढेच सांगे, "खाली दम कोंडे, अंधारात जीव घाबरे. पन मजुरी बरोबरीची होती बाई." पगाराच्या दिवशी दोघांचे पैसे आजोबांच्या हातात पडत. आजी त्यांच्याकडून आपला वाटा मागून घेई आणि त्यातले थोडे लुगड्याच्या पदराला गाठ मारून ठेवी. आजोबांना ती गाठ दिसत असे. त्यांनी कधी ती सोडली नाही, आजीनेही कधी लपविली नाही. माझ्या आणि आजीच्या बचतीत हाच फरक होता. तिची गाठ पदरावर होती, माझी पुरचुंडी तांदळाखाली.

मग आली ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. आठ वाजता पंतप्रधानांनी जाहीर केले, मध्यरात्रीपासून पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून बाद. हे जेवत होते. माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. माझ्या डब्यात एकूण एक्केचाळीस हजार पाचशे रुपये होते आणि त्यातली एकही नोट पाचशेच्या खालची नव्हती!

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी यांच्यासमोर पुरचुंडी उघडून ठेवली. यांनी नोटांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. पुष्कळ वेळाने म्हणाले,

"किती वर्सांपासून?"

"पंचवीस."

"पंचवीस वर्स तुले माह्यावर भरोसा नव्हता?"

माझ्या तोंडून निघून गेले, "तुमी तरी मले कुठं सांगतलं होतं, जामिनाच्या येळी?"

हे उठले आणि सायकल काढून बाहेर निघून गेले. दुपारी आले. मुकाट्याने माझे बँकेचे पासबुक मागितले आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत रांगेत येऊन उभे राहिले. आमच्यासारख्या कितीतरी बायका त्या रांगेत होत्या. कोणाच्या नोटा पिठाच्या डब्यातल्या, कोणाच्या उशीतल्या. काहींचे नवरे शेजारी गुश्शात उभे, काही बायका नवऱ्याला चुकवून आलेल्या. काळा पैसा बाहेर काढायला निघालेल्या त्या रांगेत मला तरी बायकांचा भीतीने साठविलेला पैसाच दिसला. आजारपणाची भीती, नवऱ्याच्या दारूची भीती, म्हातारपणी लेकाच्या दारात हात पसरण्याची भीती.

पैसे खात्यात जमा झाले, पण घरातला अबोला पंधरा दिवस राहिला. यांनी रागावून भांडण केले असते तर बरे वाटले असते. हे फक्त गप्प राहत. माणूस तुमच्यासोबत तीस-बत्तीस वर्षे जेवतो, झोपतो, आणि एके सकाळी त्याला कळते की आपल्या घरात आपल्याला ठाऊक नसलेला एक कोपरा आहे. त्याचे दुःख खरेच होते. माझेही खोटे नव्हते.

अबोला सुटला तो वंदनेच्या दिवशी. विहारात भंतेजींनी सिगालाला केलेल्या उपदेशावर प्रवचन दिले. गृहस्थाने सहा दिशांना नमस्कार करायचा म्हणजे काय, हे तथागतांनी सिगालाला समजावून सांगितले. त्यात पतीची पत्नीविषयी पाच कर्तव्ये आहेत. तिचा मान राखावा, अवमान करू नये, एकनिष्ठ राहावे, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा, अलंकार द्यावेत. पत्नीच्या कर्तव्यांत पतीने मिळविलेल्या धनाचे रक्षण करणे येते. शिवाय मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगाला, दोन धंद्याला, आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा, असेही त्या उपदेशात आहे.

घरी येताना हे वाटेत थांबले. म्हणाले, "चौथा भाग तू राखला. मी तं राखलाच नव्हता." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तुही पोत मीच बुडवली."

मी म्हटले, "पोत गेली ते जाऊ द्या. मी सांगायले पाहिजे होतं."

त्या रात्री आम्ही शंभर पानी वही घेतली. घरात येणारा पैसा आणि जाणारा पैसा त्यात लिहायचा. कोणालाही जामीन राहायचे असेल तर आधी दोघांनी बसून बोलायचे. आणि माझे एक खाते माझ्याच नावाचे राहील. त्यात मी काय ठेवते हे यांना ठाऊक असेल, पण ते कसे खर्च करायचे हे मी ठरवीन. असे तीन ठराव झाले. आमच्या घराची ही घटनाच म्हणा ना!

२० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या मायबहिणींना सांगितले होते की लग्नानंतर नवऱ्याची मैत्रीण व्हा, बरोबरीने उभ्या राहा, दासी होऊ नका. आम्ही ते जयंतीच्या भाषणांत शंभर वेळा ऐकतो. पण मैत्रीत हिशेब उघडा असतो, हे मला साठीकडे झुकताना कळले. दासी लपवते, कारण तिला मागण्याचा अधिकार नसतो. मैत्रिणीने कशाला लपवावे?

आता अलीकडची गोष्ट. २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पुन्हा तेच. युद्ध दूर, झळ आमच्या चुलीला. घरातला गॅस सिलिंडर हजार रुपयांच्या पुढे गेला. त्याच उन्हाळ्यात विजेची मागणी वाढली, वीज केंद्रांकडे कोळसा कमी पडला, आणि बाहेरदेशाचा महाग कोळसा मिसळून वापरा, असे केंद्राने राज्यांना सांगितले. आमच्या गच्चीवरून औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. हे निवृत्त झाले तरी अजून रोज त्यांच्याकडे पाहतात आणि किती संच चालू आहेत ते ओळखतात.

२०२४ च्या फेब्रुवारीत घराच्या छतावर सौर पॅनेल बसविण्याची केंद्राची योजना आली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. उरलेले लाखाच्या आसपास आपले. यांच्या डोळ्यांत चमक आली. जन्मभर दुसऱ्यांच्या घरात वीज पोहोचविणाऱ्या माणसाला स्वतःच्या छतावर वीज तयार करायची होती! पण या वेळी त्यांनी कंपनीच्या माणसाला सही दिली नाही. कागद घरी आणले, चष्मा पुसला आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "आधी तू वाच. मंग ठरवू."

मी वाचले. महिन्याला साधारण तीनशे युनिट वीज होईल, दिवसा जास्तीची वीज जाळ्यात जाईल आणि बिलातून वजा होईल. पावसाळ्यात कमी. आठवड्याला पॅनेल पुसावे लागतील, कारण आमच्याकडे धूळ फार. धाकटीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागेल काय, हाही प्रश्न होता. आम्ही तिलाच विचारले. ती म्हणाली, "आई, माझा मंगल परिणय विहारात साधेपणाने करा. मंडपाच्या पैशाचे पॅनेल लावा." मग आम्ही दोघांनी सही केली.

बाबासाहेबांकडे मजूर खात्याबरोबर विजेचाही विषय होता. युद्ध ऐन भरात असताना, २५ ऑक्टोबर १९४३ रोजी, युद्धानंतरच्या वीजधोरणाचा विचार करणाऱ्या समितीपुढे ते बोलले. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याशिवाय कारखानदारी वाढणार नाही, आणि कारखानदारीशिवाय गरीब माणूस दारिद्र्याच्या चक्रातून सुटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ निघाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्याच काळात घातला गेला आणि १९४८ मध्ये ते महामंडळ अस्तित्वात आले. पूर, पाणी आणि वीज यांचा एकत्र विचार तेव्हा झाला. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांच्यातला एक माणूस देशाच्या नद्यांचे नियोजन करीत होता!

रोहिणीचे पाणी असो, कुवेतचे तेल असो, पेंच खोऱ्यातला कोळसा असो. ज्या वस्तूवर सर्वांचे जगणे चालते, ती वाटून घेता आली नाही की माणसे लढतात. लढाई ठरते संघात, दरबारात, आणि तिचा खर्च निघतो रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या डबकीतून. आमच्या छतावरचे पॅनेल जगातली युद्धे थांबवणार नाहीत, हे मला समजते. देशाच्या विजेचा मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे, आणि भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या माणसाला स्वतःचे छतच नसते. त्याच्यासाठी सरकारनेच स्वस्त विजेची सोय केली पाहिजे. तरी सूर्याच्या वाटेत कोणाची सामुद्रधुनी नाही, एवढे समाधान आम्हाला आहे.

आता त्या सुनेच्या प्रश्नाकडे येते. दुसऱ्या दिवशी वंदनेनंतर तिला बाजूला बसविले. म्हटले, "बाई, पैसे बाजूला ठेव. जरूर ठेव. स्वतःच्या नावाने खाते काढ. बाईच्या गाठीला चार पैसे असणे हे शील मोडणे नव्हे. घरात दारू असेल, मारहाण असेल, तर लपवून ठेव आणि मनाला लावून घेऊ नको. जीव वाचविणे आधी. पण तुझा नवरा भला असेल, तर त्याला सांगून ठेव. एकदा सांगून पाहा. त्याने ऐकले तर तुला पैशापेक्षा मोठी ठेव मिळेल. आणि त्यालाही विचार, तू कुठे जामीन आहेस काय?"

ती हसली. म्हणाली, "आणि तो रागावला तर?"

"रागावू दे. पंधरा दिवस रागावेल. माझ्यासारखी पंचवीस वर्षे घालवू नको."

आठवडाभराने ती भेटली. सांगितले म्हणाली. नवरा रागावला नाही, उलट त्यानेही एका भिशीची गोष्ट कबूल केली, जी तिला ठाऊक नव्हती! दोघांनी मिळून वही घेतली आहे.

आमच्या तांदळाच्या डब्यात आता फक्त तांदूळ असतो. पण परवा तांदूळ भरताना यांनी डब्याच्या तळाशी हात घालून चाचपून पाहिले. मी म्हटले, "काय शोधता?"

"काही नाही," म्हणाले, "सवय लागली." आणि दोघेही पोट धरून हसलो.

सर्वांना सप्रेम जयभीम.